रबराला पाजलेलं तेल

नाना, माझं सगळं बदललं ते एका दुपारी. सावद्याच्या गाडीची पुढची सीट उलटी करून मी समोर ठेवली होती आणि तिच्या चारही नव्या रबरी बुशांवर डब्यातलं काळं ऑइल ओतलं, चांगला हात सैल सोडून. तुम्ही तेव्हा दोन दिवसांसाठी दोंडाईच्याला गेला होतात, जुन्या जिनिंग कारखान्यातल्या सोबत्याच्या घरी लग्न होतं. तुम्ही असता तर माझा हात धरला असता. मग सीट नीट बसली असती, गाडी सरळ धुळ्याला पोचली असती, आणि मी आज कुठं असतो कोणास ठाऊक. बहुतेक भडगावला, थोरल्या भावाच्या शेतात कपाशीला पाणी धरत आणि बांधावरून शेजाऱ्याशी भांडत.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज अचानक लिहायला बसलो त्याचं कारण आत्ताच माझ्याच घरात घडलंय. ते सांगतोच, पण मला आधीपासून सांगू द्या. यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्यासमोर मी कधी एक गोष्ट धड शेवटापर्यंत सांगितली नाही. मध्येच माझं डोकं तापायचं आणि तुम्ही पाना शोधायच्या निमित्तानं उठून जायचात.

जळगावला कॉलेजात मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या वर्गात सावद्याची एक मुलगी होती. केळीवाल्यांच्या घरची, लांब वेणी, हसायला लागली की थांबता न येणारी. वर्षभरात आमचं बोलणं म्हणाल तर तीन वेळा झालं, त्यातलं एक लॉग टेबलचं पुस्तक मागण्यापुरतं. पण मी पार कामातून गेलो होतो. प्रॅक्टिकलला एक पोरगा तिच्या वेणीवरून काहीतरी बोलला, मी त्याला टेबलावर आडवा केला. प्राचार्य म्हणाले, सगळ्या वर्गासमोर माफी माग. मी माझं जर्नल, सगळे प्रयोग तपासून सही झालेलं जर्नल, खिडकीतून खाली फेकलं आणि चालता झालो. पायऱ्या उतरेपर्यंत फार मोठं वाटत होतं. खाली आलो तर जर्नल चिखलात पडलेलं, आणि ते उचलावं की नाही हेच कळेना. भडगावला वडील म्हणाले, पुस्तकं टाकून आलेल्याला या घरात ताट नाही. तेही माझ्यासारखेच, म्हणजे मी त्यांच्यासारखा. मग मी जळगावला परत येऊन नाक्यावर नुसता उभा राहू लागलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही एका जीपखालून डोकं बाहेर काढलंत.

"काय भो, हात रिकामा शे का?"

"आहे."

"मंग धर हाऊ दांडा."

जॅकचा दांडा धरला तो धरलाच. नाव-गाव, शिक्षण, जात-पात, तुम्ही काही विचारलं नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणालात, "सकाळे ये." मी तोवर ठरवून टाकलं होतं की जगात कोणाचं ऐकायचं नाही, आणि दुसऱ्या सकाळी नऊच्या आत तुमच्या शेडपाशी हजर होतो.

तुमचं काम इतरांपेक्षा वेगळं. इंजिनाला तुम्ही हात लावायचा नाहीत. गाडीत बसणाऱ्याच्या अंगाला जे जे लागतं ते तुमचं, सीट, दारं, बिजागऱ्या, काचा. तुमचं म्हणणं, इंजिन बिघडलं तर माणूस एकदा शिव्या देतो, सीट कुरकुरली तर रोज देतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला एका टॅक्सीच्या सीटवर बसवलंत. मी लगेच सांगायला लागलो, स्प्रिंग गेली असेल, नट ढिला असेल. तुम्ही माझ्या मांडीवर चापट मारलीत. चांगली लागली.

"ऐकाना आगोदर बोलस तू. डोया मिच."

मी डोळे मिटतो. तुम्ही म्हणता डावीकडे सरक, मी सरकतो. पुढं वाक, मागं रेल, एकच कुल्ला उचल. मला हसू येतंय आणि रागही येतोय. आणि मग कळतं. आवाज स्प्रिंगमधून नाहीच. मी मागं रेलतो तेव्हा उजव्या मागच्या पायातून येतो, लोखंडावर लोखंड घासल्याचा, आणि तोही अगदी शेवटच्या बोटभर अंतरात. उघडून पाहिलं तर त्या सांध्यातला बुश झिजून कागदासारखा झालेला. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न बोलता ओळखलं होतं. तुम्ही चहा मागवलात आणि तुमच्या बशीतला अर्धा माझ्या कपात ओतलात.

बुश म्हणजे एवढंसं कडं, सांध्यातल्या दोन लोखंडांना एकमेकांपासून दूर ठेवणारं. तुमच्याकडे ते दोन जातींचे. एक दुकानातले रबराचे. दुसरे तुमचे स्वतःचे, कातड्याचे. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रुळावर कातड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या झिजल्या की कारखाना टाकून देतो. तुम्ही दोंडाईच्याला वीस वर्षं फिटर होतात, तिथून पोतं भरून त्या चकत्या आणायचात, गोल कापायचात आणि दोन दिवस एरंडेलात मुरत ठेवायचात. तुमचा नियम मी रोज ऐकायचो, "रबरले कोरडं ठेव, कातडाले तेल दे." रोज ऐकायचो म्हणूनच बहुधा कधी ऐकला नाही.

तर तुम्ही दोंडाईच्याला गेलात आणि त्याच सकाळी फिक्या निळ्या रंगाची गाडी शेडसमोर थांबली. गाडी मी ओळखली. महिन्यातून एकदा ती मुलींच्या होस्टेलबाहेर उभी असायची. आतून तिचे वडील उतरले, म्हणजे आधी पोट उतरलं, मग ते.

"मास्तर कुठी हायेत?"

"गावाला गेलेत. काय झालं?"

"हे सीट काही चूप बसत नाही भो. मी बसलो का रडते, उठलो का रडते. परवा पोरीले घिऊन धुळ्याले जायाचंय, माह्या बहिणीकडे. तिथी पाहुणे येऊ राह्यले पोरीले पाहाले. पोरगा इरिगेशनमधी हाये. त्यायच्या दारात असं कण्हत कण्हत जाऊ काय मी?"

माझ्या हातातला पाना खाली पडला. ते म्हणाले, "काहून रे, जमंन का तुले?" मी म्हणालो, जमेल.

आणि नाना, मी काम चांगलं केलं. हे तुम्हाला तेव्हाही सांगायचं होतं. मी आधी बसलो, डोळे मिटले, सरकलो. चारही पायांतून आवाज होता. ती सीट चार लोखंडी हातांवर झुलत मागंपुढं व्हायची, प्रत्येक सांध्यात एक बुश, आणि चारही झिजून गेलेले. जुने ठोकून काढले, गंज खरवडला, दुकानातून मापाचे रबरी आणले, दाबून बसवले. एकदाही कोणाशी भांडलो नाही. सगळं झाल्यावर सीट हलवली, जराही आवाज नाही. आणि तिथंच माझ्यातला शेतकऱ्याचा पोरगा जागा झाला. आमच्या घरी गाडी जुंपायच्या आधी वडील कण्याला तेल देत, ते चाकातून टपकेपर्यंत देत आणि म्हणत, वंगणाला हात आखडू नये. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक. काळ्या ऑइलचा डबा शेडच्या दाराशीच होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. गाडी सावद्याहून निघाली. पुढं वडील, शेजारी आई, मागं ती आणि केळीचा एक मोठा घड, आत्याकडे न्यायला. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, सीट गप्प. वडील खूश, माझं नाव माहीत नव्हतं तरी दोनदा कौतुक केलं म्हणे. पारोळ्याला चहाला थांबले. आईचा पाण्याचा तांब्या घरंगळत ड्रायव्हरच्या सीटखाली गेला होता, तो काढायला त्यांनी सीट पार पुढं ओढली. तांब्या निघाला. सीट मागं जाईना. उन्हाळा, रस्त्याची धग, आणि दोन रात्री तेल पिऊन रबर असं सुजलं होतं की चारही सांधे जागच्या जागी गच्च. त्यांनी ढकललं, आईनं ढकललं, चहावाल्यानं ढकललं. उशीर होत होता. शेवटी ते तसेच आत घुसले. स्टिअरिंग पोटात रुतलं, आणि हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या मध्यावर. श्वास आत घेतला की हॉर्न वाजायचा. सोडला की थांबायचा.

पारोळा ते धुळे, नाना, सबंध रस्ताभर! बैलगाड्या बाजूला होत होत्या, ट्रकवाले वाट देत होते. एका म्हाताऱ्यानं रस्त्याच्या कडेनं हात जोडले, त्याला वाटलं कोणी मंत्री चाललाय. आई म्हणत होती, "श्वास धरा, श्वास धरा," आणि ते ओरडत होते, "किती धरू? धुळे काय माह्या नाकापुढी हाये?" ओरडायला श्वास लागतो, त्यामुळं हॉर्न आणखी. मागं ती केळीच्या घडाला मिठी मारून हसत होती. आत्याच्या दारात पाहुणे आधीच येऊन बसलेले. हॉर्न वाजवत गाडी आली आणि हॉर्न थांबेना, कारण यांना उतरता येईना. शेवटी नवरदेवाचे दोन मामा पुढं झाले आणि त्यांनी एकेका काखेत हात घालून त्यांना उपटून काढलं.

मग पोह्यांचा कार्यक्रम. मुलाच्या वडिलांनी तिला विचारलं, स्वयंपाक येतो का. ती "हो" म्हणणार, तेवढ्यात समोर बसलेल्या वडिलांनी एक मोठा श्वास घेतला. बस. तिला वाटलं आता वाजणार. तिनं ताटली खाली ठेवली आणि पदर तोंडात कोंबला. तरी आवरेना, ते हसू फुटलंच, ते पार आतल्या खोलीत नेऊन पाणी पाजेपर्यंत. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण हसरी जास्त आहे.

निरोप यायच्या आधीच, दुसऱ्याच दिवशी, गाडी परतीचा रस्ताही हॉर्न वाजवत तुमच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. तुम्ही आदल्या संध्याकाळी परतला होतात. ते कसेबसे सुटून उतरले ते हातात छत्री घेऊन. मी डोकं तापवायची तयारी केली होती, मुठी वळल्या होत्या. तुम्ही मधून चालत गेलात, सीटखाली हात घातलात, बोट बाहेर काढून वास घेतलात.

"हाई काय पाजं रे तू येले? बठ्ठं सुजी गयं." मग माझ्याकडे वळून एकदम हळू, "चूक शे का मुद्दाम शे?"

"चूक."

"मंग मले काय सांगी राहिना? त्यास्ले सांग."

मी कॉलेजात माफी मागितली नव्हती म्हणून वर्ष घालवलं, घर घालवलं. तुम्हाला ते तोवर कळलं होतं. तरी तुम्ही तिथंच उभे राहिलात, फडक्यानं बोट पुसत, जणू दिवसभर वेळ आहे. मी गेलो. म्हणालो, "काका, चूक माझी आहे. रबराला तेल लावायचं नसतं. मला सांगितलेलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं." त्यांची छत्री खाली आली. ते म्हणाले, "पहिला मेकॅनिक पाह्यला भो, जो म्हने मी चुकलो." मग स्टुलावर बसले आणि त्यांनी तुमच्याकडं पाणी मागितलं.

तुम्ही सीट सोडवायला गाडीखाली शिरलात. तेव्हा मला दिसलं की मागच्या सीटवर ती बसलीय. होस्टेलला सोडायची होती. तिनं काच खाली केली. डोळे अजून सुजलेले, हसून हसून.

"तुम्हीच ना ते, जर्नल फेकणारे?"

मी मान हलवली.

"हे मुद्दाम केलंत ना?" तिनं वडिलांकडे एकदा बघून घेतलं. "माझं तिथं जमू नये म्हणून?"

नाना, तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत, तुम्ही गाडीखाली होतात. असं कोणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, जसा काही मी मोठा शूरवीर. दोन मिनिटांपूर्वी मी तिच्या वडिलांना खरं सांगून बसलो होतो. आणि तोंडातून निघालं, "हो."

तिनं काच वर केली आणि आत तोंड लपवून हसायला लागली.

त्या दुपारी तुम्ही कातड्याचे बुश घातलेत. पंचनं चकत्या गोल कापून मला दिल्यात, एरंडेलाच्या डब्यातून एकेक काढताना मला वास घ्यायला लावलात, कातडं तेल पिऊन कसं मऊ होतं ते दाबून दाखवलंत. सीट बसली. ते बसले, सरकले, श्वास घेतला, सोडला. कुठूनच आवाज नाही. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गाडी वळणाआड गेल्यावर तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "एक सांधामा दोन बुश बसाडी दिनात तू. एक दिन आवाज करी तो." म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू गेलं होतं. मी लाल झालो. तुम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत.

पुढची दोन वर्षं सावद्याची गाडी दर महिन्याला यायची, कधी काचेचं काम, कधी दाराचं, आणि बरेचदा काहीच काम नसायचं. तिनं तिकडे बीएस्सी पूर्ण केलं. माझे वडील बोलत नव्हते, म्हणून मागणी घालायला तुम्ही गेलात. मला आठवतं, कडाक्याची थंडी होती, तुम्ही ठेवणीतला कोट घातला होतात, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. सावद्याला त्यांनी तुम्हाला शेतात बसवून भरीत-पुरी खाऊ घातली. तुम्ही परत येऊन सांगितलंत, बाप म्हणतो, कॉलेज गेलं तर गेलं, पोरगा खरं बोलतो. आणि आतून तिच्या आईचा निरोप आला की मुलीची ना नाही. ती ना का नव्हती ते मला ठाऊक होतं. लग्नात तुम्ही मला तुमचा कातडं कापायचा पंच दिलात, फडक्यात गुंडाळून. आणि माझ्या वडिलांना भडगावहून तुम्हीच समजूत घालून मांडवात आणलंत, हे मला चार वर्षांनी कळलं, तुमच्या दहाव्याला.

आता मी धुळ्याला आहे. पुढं दुकान, मागं घर. फक्त सीटचं काम करतो. अजून लवकर चिडतो, पण चिडलो की एखाद्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी काम करतोय.

तर आज. आज रविवार, सासरे सावद्याहून आलेत, केळी घेऊन. जेवणं झाली, शेजारचे शाळामास्तर पान खायला आले, आणि सासऱ्यांनी नेहमीची हॉर्नची गोष्ट काढली. छान रंगली होती. शेवटी ते म्हणाले, "तवाच म्या ठरवलं, हा पोरगा खोटं बोलाचा नाही. तोंडावर म्हने, काका, चूक झाली."

आणि ही, इतकी वर्षं वडिलांसमोर कधी न बोललेली, हसत हसत बोलून गेली, "अप्पा, चूक कसली! माझ्यासाठी मुद्दाम केलं होतं यांनी. मला तिथंच सांगितलं होतं."

सासऱ्यांचा हात पानाच्या तबकावर थांबला. "मुद्दाम?"

"मग काय!"

"म्हंजे माह्याशी खोटं बोलला हा?"

"तुम्हाला काय सांगणार होते, अप्पा? छत्री होती तुमच्या हातात."

दोघं एकदम माझ्याकडे वळले. ही अभिमानानं बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी विझल्यासारखं झालं होतं. मी म्हणालो, चष्मा घेऊन येतो. आणि इथं आतल्या खोलीत, कातड्याच्या पोत्यावर बसून, बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहितोय. मला चष्मा नाही, नाना.

बाहेर त्यांचं चाललंय, ऐकू येतंय. ती म्हणतेय, विचारा ना त्यांनाच. ते नुसते अडकित्त्यानं सुपारी कातरतायत. मुद्दाम म्हणालो तर त्यांना, चूक म्हणालो तर हिला, आता एकाला कोणाला तरी मी लहान दिसणार. अठरा वर्षं ती मैत्रिणींना सांगत आलीय, आमच्या यांनी माझ्यासाठी बापाची गाडी अडकवली. ते तिच्याकडून काढून घ्यायचं, आणि वर सांगायचं की पहिल्याच दिवशी तुझ्याशी खोटं बोललो.

तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी "चूक" एवढंच म्हणालो होतो. ते खरं होतं, पण अर्धं. दुसरं अर्धं मी कोणालाच सांगितलं नाही, लाज वाटली. त्या दुपारी ऑइल ओतताना मला माहीत होतं गाडी कुठं चाललीय ते. सीट उलटी पडली होती, तो प्रवास मोडायला एक नट ढिला सोडला असता तरी भागलं असतं, आणि तसं मनात आलंही होतं. पण ती त्या गाडीत बसणार होती. ती नीट पोचावी, एवढंच वाटत होतं. तिकडं जायचं असेल तर तिकडं, पण आरामात जावी. म्हणून तेल इतकं घातलं.

ती हाक मारतेय, "अहो, सापडला का चष्मा?" कागद पोत्याखाली सरकवतो, हे पाठवायचं तरी कुठं. आलो, म्हटलंय. उठतो, ते दुसरं अर्धंही दोघांना सांगायला बाहेर जातो, आणि दार माझ्या मागं ओढून घेतो.